टी-९० खोलताना: जीपचा गिअर बॉक्स उघडण्याआधी, उघडताना आणि उघडल्यावर काय बघायचं

पाटणला माझं गॅरेज आहे. कराडहून कोयनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडापच्या (सीटवर पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या) जीपा चालायच्या त्या काळापासून मी जीपचे गिअर बॉक्स खोलतोय. आता वडापला दुसऱ्या गाड्या आल्या. पण गेल्या काही वर्षांत जुन्या सीजे-३बी जीपा विकत घेऊन नीट करणारी तरुण पोरं वाढली आहेत. त्यांचे फोन येतात, "काका, दुसरा गिअर सुटतोय, काय बदलू?" म्हणजे टाकलेला गिअर चालताना आपोआप न्यूट्रलला येतोय. फोनवर मी त्यांना एकच सांगतो, आत्ता काही बदलू नकोस. आधी मोज, मग खोल. हे लिहिलंय ते त्यांच्यासाठी.

लिहितोय ते तीन गिअरच्या टी-९० बॉक्सबद्दल. विलीजने १९५३ मध्ये काढलेल्या सीजे-३बीत हाच बॉक्स होता, आणि महिंद्राने आपल्याकडे बनवलेल्या सीजे-३बीतही हाच आला. बिडाची जाड केस, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रो (दाते जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी जुळणी), पहिल्याला आणि रिव्हर्सला नाही. पहिल्याचं गुणोत्तर २.७९८, दुसऱ्याचं १.५५१, तिसरा सरळ. बॉक्सच्या पाठीला स्पायसर १८ ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, जोडलेली असते. चार गिअरचा बॉक्स बसवलेली जीप असेल तर आतली मांडणी वेगळी आहे. बघायची पद्धत तीच राहील, पण खोलण्याच्या पायऱ्या इथल्या धरू नका.

आधी कान, मग पाना

बॉक्स खाली उतरवायच्या आधी गाडी चालवून बघा. हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पुष्कळ वेळा यातच कळतं की बॉक्स खोलायची गरजच नाही.

गाडी उभी, इंजिन चालू, दोन्ही दांड्या न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला. घरघर येत असेल आणि क्लच दाबल्यावर ती थांबत असेल, तर दोष क्लच शाफ्टच्या (इंजिनकडून बॉक्समध्ये येणाऱ्या शाफ्टच्या) बेअरिंगमध्ये किंवा काउंटर गिअरच्या (खालच्या शाफ्टवरच्या गिअरसंचाच्या) सुयांमध्ये, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरमध्ये, आहे. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा फ्लायव्हीलमधला बुश बघा. त्यासाठी बॉक्स उतरवावा लागतो, उघडावा लागत नाही.

मग रस्त्यावर. पहिल्या-दुसऱ्यात आवाज आणि टॉपला (तिसऱ्याला) जवळपास शांत, तर काउंटर गिअरकडे संशय. टॉपला इंजिनची ताकद सरळ मेन शाफ्टमधून (बॉक्समधून मागे जाणाऱ्या मुख्य शाफ्टमधून) जाते. काउंटर गिअर तेव्हाही फिरतो, पण त्याच्यावर ओझं नसतं. सगळ्या गिअरमध्ये एकसारखा घुमणारा आवाज येत असेल तर तो बहुतेक ट्रान्सफर केसचा. स्पायसर १८ मध्ये मागच्या दोन चाकांवर चालतानासुद्धा ताकद इंटरमिजिएट गिअरमधूनच जाते, म्हणून ही केस मुळातच थोडी गाते. नवीन जीपवाल्यांना हे माहीत नसतं आणि ते चांगला बॉक्स खोलायला घेऊन येतात. आवाज कळत नसेल तर जुन्या जीपवाल्या कुणाला तरी शेजारी बसवा.

गिअर सुटत असेल तर कोणता, आणि कधी सुटतो ते लिहून ठेवा. ओझ्यावर सुटतो की ॲक्सिलरेटर सोडल्यावर? दोन्हीत दाब उलट दिशेने पडतो. पुढे दाते बघताना ही नोंद लागते.

तेल

गाडी फिरवून आणलेली असतानाच, तेल गरम असताना काढा. बॉक्सचा आणि ट्रान्सफर केसचा ड्रेन प्लग वेगवेगळा आहे. दोन्हींचं तेल दोन वेगळ्या पसरट भांड्यांत घ्या, एकत्र करू नका. बॉक्समध्ये पाऊण लिटरच्या आतच तेल असतं, ट्रान्सफरमध्ये त्याच्या दुपटीच्या आसपास. मोजून बघा. ट्रान्सफरमध्ये कमी आणि बॉक्समध्ये जास्त निघालं किंवा उलटं झालं, तर मधून तेल इकडचं तिकडे जातंय, हेही लिहा.

मग तेल दोन बोटांत चोळा. राखाडी, पिठासारखा बारीक चुरा सगळ्याच जुन्या बॉक्समध्ये असतो, त्याला घाबरू नका. उन्हात धरल्यावर सोनेरी चमक दिसली तर ते पितळ आहे, सिंक्रो रिंगचं किंवा थ्रस्ट वॉशरचं (गिअर पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीचं). चुंबकाला चिकटणारे चपटे टवके बेअरिंगचे किंवा दात्याच्या कडक थराचे. सुईचा तुकडा सापडला तर गाडी पुन्हा सुरूच करू नका. तेलाच्या तळाचा गाळ चहाच्या गाळणीने गाळून कागदावर वाळवा आणि पुडी बांधून ठेवा. फेकू नका.

गाडीखाली शिरण्याआधी

ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. सीजे-३बीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असतो. तुम्ही मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडला की हँडब्रेक कितीही ओढा, गाडी मोकळी. आमच्याकडे घाटाचा उतार सगळीकडे, म्हणून मी हे प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो. चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ओट (अडसर) लावा, जमीन सपाट हवी, आणि गाडी नुसत्या जॅकवर नको, घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. फ्लोअरची पत्रे, दांड्या, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची जोडणी आणि क्लचची जोडणी सोडा. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस सुटून कप पडू नयेत म्हणून त्यांना लगेच तार किंवा टेप गुंडाळा. इंजिनच्या चेंबरखाली (तेलाच्या तळभांड्याखाली) लाकडी फळी ठेवून जॅक लावा, कारण मधली आडवी चॅनल काढली की इंजिन मागून लटकतं.

बेल हाऊसिंगचे (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणाचे) बोल्ट सोडून बॉक्स आणि ट्रान्सफर एकत्रच सरळ मागे ओढा. दोन माणसं लागतात, आणि खाली दुसरा जॅक. बॉक्स अर्धवट बाहेर असताना त्याचं वजन क्लच शाफ्टवर टांगू देऊ नका. क्लच प्लेटचा हब वाकतो आणि नंतर क्लच सुटत नाही. मग लोक सिंक्रोला दोष देत बसतात.

बॉक्स खाली आल्यावर बेल हाऊसिंगच्या तोंडावर बोट फिरवा. बोल्ट ढिले राहून तो पृष्ठभाग घासला गेला असेल, किंवा बर (धातूची उठलेली कड) आला असेल, तर बॉक्स तिरका बसतो आणि टॉप गिअर सुटायला लागतो. मी बघितलेल्या टॉप सुटणाऱ्या जीपांपैकी कितीतरींचं मूळ बॉक्सच्या बाहेर, इथेच होतं.

बाहेरून धुवा, आतून नाही

बाहेरचा चिखल, तेलकट माती खरवडून काढा. भोकांना चिंध्या कोंबा आणि डिझेल-ब्रशने केस स्वच्छ करा. आत मात्र एक थेंबही नको.

टेबलावर पांढरं कापड अंथरा. आमचे वस्ताद जुनं धोतर अंथरायचे. पडलेली सुई पांढऱ्यावर लगेच दिसते. सुया, गोळ्या, स्प्रिंगा ठेवायला जुनं इडलीपात्र घ्या. प्रत्येक खळग्यात एका जागेचं सामान, आणि शेजारी चिठ्ठी.

बॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवून वरचं झाकण सरळ वर उचला. दांडीवाल्या बॉक्समध्ये शिफ्टच्या सळ्या आणि फोर्क (गिअर सरकवणारे दोन पायांचे काटे) या झाकणातच असतात. फोर्कची टोकं बघा. दोन्ही पायांची झीज सारखी हवी. एकच पाय घासलेला असेल तर फोर्क वाकलाय. सळ्यांवरच्या खाचांत गोळी किती घट्ट बसते तेही बघा. खाच गोल झाली असेल किंवा स्प्रिंग मऊ पडली असेल तर गिअर सुटण्याचं कारण इथे सापडलं, आणि ही दुरुस्ती थोड्या खर्चात होते. दोन सळ्यांच्या मधला इंटरलॉक हरवू नका. तो नसेल तर एका वेळी दोन गिअर पडतात आणि चालत्या गाडीत बॉक्स जाम होतो.

आता मोजा

इथे मी थांबून एक आठवण सांगतो. मी नवखा मिस्तरी होतो तेव्हा वडापची एक जीप आली. दुसरा गिअर सुटत होता, तेलात सोनेरी चमक होती. मी सिंक्रो ठरवून टाकला. बॉक्स भराभर खोलला, सगळे भाग डिझेलच्या पाटीत टाकून लख्ख केले, नवीन सिंक्रो रिंगा घातल्या, जोडला. तीन आठवड्यांनी जीप परत दारात. मालकाचा धंदा बुडाला होता. तो काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. मला ते अजून आठवतं. वस्तादांनी झाकण काढलं, काउंटर गिअर बोटाने पुढे-मागे ढकलला आणि मला म्हणाले, "पोरा, हे तू मोजलं होतंस का?" मोजलं नव्हतं. पितळ थ्रस्ट वॉशरचं होतं. काउंटर गिअर ओझ्यावर पुढे-मागे सरकत होता आणि दुसऱ्या गिअरला ढकलत होता. पहिल्यांदा खोलताना हे दिसलं असतं, पण खोलून झाल्यावर मोजायला काही उरलंच नव्हतं. प्ले, म्हणजे भागाला हलायला असलेली मोकळीक, हा जोडलेल्या बॉक्समध्येच असतो. सुटे भाग टेबलावर कितीही चांगले दिसोत, त्यांच्यात प्ले नसतो.

म्हणून झाकण काढल्यावर, एकही शाफ्ट हलवायच्या आधी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) हातात घ्या. काउंटर गिअर आणि केस यांच्यामधला प्ले मोजा. टी-९० साठी तो बारा ते अठरा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३० ते ०.४६ मिलिमीटर हवा. दुसऱ्या गिअरचा मेन शाफ्टवरचा पुढे-मागे प्ले बघा. सिंक्रो रिंग बोटाने कोनावर दाबून धरा आणि रिंगचे दाते व गिअरचे दाते यांच्यात किती फट राहते ते दोन-तीन जागी मोजा. रिंग गिअरला टेकत असेल तर ती संपली. क्लच शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. आकडे वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा, आणि फोटोत वहीचं पान येऊ द्या.

हाताने शाफ्ट सावकाश फिरवून एकेक गिअर टाकून बघा. कुठे अडतं, कुठे खडखडतं, तिथे खडूची खूण करा.

ट्रान्सफर केस वेगळी करणं

ट्रान्सफर केसच्या मागचं झाकण काढा. आत मेन शाफ्टच्या टोकाला खाचांचा नट आणि त्यात कॉटर पिन दिसेल. पिन काढा. शाफ्ट फिरू नये म्हणून बॉक्समध्ये हाताने एकाच वेळी दोन गिअर टाका, स्लीव्ह (सिंक्रोवरची सरकती रिंग) टॉपला आणि मागचा सरकता गिअर पहिल्यात. झाकण काढलेलं असल्यामुळे इंटरलॉक अडवत नाही. आता नट सोडा. छिन्नी-हातोड्याने नट फिरवणारे मी पाहिलेत. खाचा फुटतात आणि लोखंडाचे तुकडे बेअरिंगमध्ये जातात. मापाचा सॉकेट नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा, एक दिवस थांबा. नट, वॉशर आणि ड्राइव्ह गिअर निघाले की सरकता गिअर पुन्हा न्यूट्रलला आणा.

यानंतरची पायरी बहुतेक जण चुकतात. केसा वेगळ्या करताना मेन शाफ्ट मागे ओढला गेला तर सिंक्रोची जुळणी आतच सुटते आणि प्लेटा, स्प्रिंगा तळाला पडतात. म्हणून आधी मऊ तार घ्या, ती मेन शाफ्टला दुसऱ्या गिअरच्या लगेच मागे वेढा देऊन गुंडाळा, टोकं पुढे आणून झाकणाच्या पुढच्या एका बोल्टला बांधा आणि पीळ देऊन ताणा. शाफ्ट आता जागेवर राहील. मग दोन्ही केसांना जोडणारे पाच बोल्ट काढा. मेन शाफ्टच्या टोकावर पितळी किंवा लाकडी हातोडीने हलके ठोके देत केसा वेगळ्या करा. मागचं बेअरिंग दोन्ही केसांत मिळून बसलेलं असतं. ते ट्रान्सफरमधून सुटून बॉक्सकडे राहिलं पाहिजे. तिरकं अडकलं तर थांबा आणि चारी बाजूंनी सारखं सोडवा.

सुया

केसच्या मागच्या अंगाला एक लॉक पत्ती असते. तीच काउंटर शाफ्ट आणि रिव्हर्स आयडलरचा (रिव्हर्ससाठीच्या मधल्या गिअरचा) शाफ्ट या दोघांना फिरू देत नाही. पत्ती काढा. तिची कड दबलेली असेल तर शाफ्ट केसमध्ये फिरायला लागला होता असं समजा, आणि केसचं भोक लंबगोल झालंय का ते नंतर बघा.

काउंटर गिअरच्या आत सुयांच्या ओळी, त्यांच्यामध्ये वॉशर आणि स्पेसर असतात. शाफ्ट नुसता ठोकून काढला तर सगळं केसच्या तळाला सांडतं. त्यासाठी डमी शाफ्ट लागतो. काउंटर शाफ्टपेक्षा व्यासाने किंचित कमी आणि लांबीला गिअरएवढाच रॉड कराडला कुठल्याही लेथवाल्याकडून करून घ्या. पुढून डमी लावा, पितळी कांडीने ठोका, खरा शाफ्ट मागे निघतो आणि त्याची जागा डमी घेतो. गिअर सुयांसकट तळाला टेकतो. आता वर जागा झाली. पुढच्या बेअरिंगच्या रिटेनरचे तीन बोल्ट काढा, मेन शाफ्टची जुळणी वरच्या तोंडातून तिरकी करून उचला, मग क्लच शाफ्ट, आणि शेवटी काउंटर गिअर. क्लच शाफ्टच्या पोकळीतले पायलट रोलर मेन शाफ्ट बाहेर येताना सांडतात, म्हणून खाली हात किंवा कापड धरा.

काउंटर गिअरचे तीन थ्रस्ट वॉशर आहेत. पुढचा मोठा ब्राँझचा, मागे एक ब्राँझचा आणि एक पोलादी. कोणता कुठे आणि कोणती बाजू कुणाकडे, हे काढतानाच चिठ्ठीवर लिहा. सुया प्रत्येक ओळीच्या वेगळ्या ठेवा आणि मोजा. दोन्ही टोकांना सारख्या निघाल्या नाहीत तर आधीच्या मिस्तरीने कमी घातल्या आहेत किंवा एखादी केसमध्ये अडकली आहे. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

बघणं

आता कुठे धुवायचं. बेअरिंग बाकी सामानाबरोबर नाही, वेगळ्या स्वच्छ केरोसिनमध्ये. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग फिरवू नका. तेलाशिवाय त्या वेगात ते स्वतःलाच खातं, आणि फुटलं तर गोळ्या तोंडावर येतात. वाळवून एक थेंब तेल टाका आणि बोटांवर सावकाश फिरवा. खरखर लागली तर ते गेलं.

काउंटर शाफ्टवरून नख फिरवा. सुयांच्या जागी नख अडकलं किंवा बारीक खड्डे दिसले तर शाफ्ट आणि सुया दोन्ही बदला. नवीन शाफ्टवर जुन्या सुया किंवा जुन्यात चार नव्या मिसळणं, असं मी माझ्या गॅरेजात होऊ देत नाही. ओझं मोठ्या सुयांवरच पडतं आणि त्या आधी फुटतात. मेन शाफ्टचं पुढचं नाक, जे पायलट रोलरमध्ये फिरतं, तेही असंच बघा. तिथे खड्डे असतील तर टॉप सुटतो.

पहिल्या गिअरच्या आणि रिव्हर्सच्या दात्यांची कड जिथून गिअर घुसतो तिथे गोल झालेली असते. सिंक्रो नसल्यामुळे ती प्रत्येक जीपमध्ये थोडी असते. कडक थर निघून आतलं मऊ लोखंड दिसत असेल तर मात्र दोन्ही गिअर जोडीने बदला.

सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर दाबून पिळा. ती धरली पाहिजे. नुसती फिरली तर आतल्या बारीक रेघा संपल्या. हबच्या तीन प्लेटांची मधली उंची घासली आहे का, दोन्ही स्प्रिंगा ताणात आहेत का, तेही बघा. आणि स्लीव्हचे दाते. इथे तुमची सुरुवातीची नोंद काढा. ओझ्यावर सुटणाऱ्या गिअरचे दाते एका अंगाने उतरते घासलेले असतात, ॲक्सिलरेटर सोडल्यावर सुटणाऱ्याचे दुसऱ्या अंगाने. झीज आणि नोंद जुळली तर दोष इथे आहे. जुळली नाही तर फोर्क, सळ्यांच्या खाचा आणि बेल हाऊसिंगकडे परत जा.

रिकामी केस उन्हात नेऊन बघा. बोल्टच्या कानांपाशी तडे, शाफ्टची भोकं, बेअरिंगच्या जागा. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगेची खूण चमकदार दिसली तर बेअरिंग केसमध्ये फिरत होतं. मग नुसतं नवीन बेअरिंग घालून उपयोग नाही.

तेलाच्या गाळाची पुडी आता उघडा आणि कागदावरचा प्रत्येक तुकडा कुठून आला ते शोधा. ज्याची जागा सापडली नाही असा एक तुकडा जरी उरला, तरी तपासणी पुरी झालेली नाही.

सामानाची यादी यानंतर करा. मी पुण्याला नाना पेठेत जाताना जुने भाग बरोबर नेतो. सिंक्रो रिंग जुन्या गिअरच्या कोनावर दुकानातच बसवून बघतो, आणि मागचा पोलादी थ्रस्ट वॉशर दोन-तीन जाडींत आणतो. परत आल्यावर पहिलं काम म्हणजे कोरड्या केसमध्ये फक्त काउंटर गिअर, तिन्ही वॉशर आणि शाफ्ट बसवून फिलर गेज घालणं. जास्त निघालं तर जाड पोलादी वॉशर, कमी निघालं तर पातळ. गेज बारा ते अठरा थाऊच्या मध्ये हलकं अडकत सरकलं की गिअर परत काढून सुयांना ग्रीस लावायला घ्यायचं.